बाबांची केस स्टडी

"शेजारी बांधकाम चालू आहे," असं गुंजन म्हणाली, आणि वाक्य तोंडातून गेल्यावर तिला ते ऐकू आलं. लॅपटॉपच्या पडद्यावर वंदना नावाची बंगळुरूच्या कंपनीतली बाई मान किंचित कलती करून कान देत होती. मूळची साताऱ्याची, म्हणून मुलाखतीच्या मध्येच इंग्रजी सोडून मराठीत आली होती. "काही आवाज येतोय का तिकडून?" एवढंच तिनं विचारलं होतं, सहज, कुणीही विचारावं तसं. आतल्या खोलीत स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजत होता. टण, टण, मग जरा थांबून पुन्हा टण. गुंजन बांधकामाचं म्हणाली आणि ते वाजणं थांबलं. दोन खोल्यांमध्ये नुसता पडदा होता. वंदना हसून म्हणाली, "आमच्याकडे तर बारा महिने चालू असतं," आणि पुन्हा गुंजनच्या पोर्टफोलिओकडे वळली. लॅपटॉपवर बाबांचा फोटो होता. खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले बाबा, हातात फोन, अंगठा बटणावर, चेहऱ्यावर उजेड. खाली मोठ्या अक्षरात त्यांचं वय, गाव, आजार आणि अडचणी. "हे मला फार आवडलं," वंदना म्हणाली. "स्वतःच्या वडिलांसाठी केलंत. अजून वापरतात का ते?" गुंजन म्हणाली, "हो. रोज." पुढची फेरी सोमवारी, पाच जणांसमोर, आणि हीच केस स्टडी सविस्तर मांडायची, असं ठरवून वंदना पडद्यावरून गेली. तिच्या जागी गुंजनला स्वतःचा चेहरा दिसला. तो हसत होता. आपण अजून हसतोय हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

मग ती आत गेली. बाबा घामानं निथळत बसले होते. मुलाखतीत घरघर नको म्हणून तिनं हॉलमधला कूलर बंद केला होता आणि बाहेर मे महिन्याची दुपार होती, नागपूरची. आई शेजारच्या गल्लीत कुणाच्या तरी बारशाला गेलेली. बाबांनी चमचा कूलरच्या दिशेनं केला. रागानं नाही; लहान मुलानं दाखवावं तसं. तिनं कूलर लावला. ओल्या वाळ्याचा वास खोलीत शिरला. त्यांनी गळ्यापुढचा मलमलीचा फडका सारखा केला आणि भुवया उंचावून विचारलं, कसं झालं? "चांगलं झालं बाबा. सोमवारी अजून एक आहे." त्यांनी खुशीनं दोन्ही हात वर केले. बांधकामाचं त्यांनी ऐकलं होतं का? त्यांच्या डोळ्यांत ती शोधत राहिली. डोळे नेहमीसारखेच होते. पण ऐकूनही माणसाचे डोळे नेहमीसारखे राहू शकतात, आणि बाबा एसटीत कंडक्टर होते, माणसांचं वाटेल ते ऐकून घेऊन पुढचं तिकीट फाडायची त्यांना सवय होती.

बाबांचा तो आवाज. नागपूर-उमरेड गाडीच्या दारात उभे राहून ते गावं पुकारायचे: दिघोरी, पाचगाव, चांपा, उमरेड. त्यातलं चांपा ते असं लांबवायचे की लहानपणी गुंजनला वाटायचं, ते गावच फार लांबट असणार. सुट्टीत ती त्यांच्याबरोबर गाडीत जायची, इंजिनाजवळच्या तापलेल्या जागेवर बसायची. गाडीत ते सगळ्यांचे कोणीतरी होते. म्हाताऱ्या बायांना मावशी, कॉलेजच्या पोरांना "काहून गा, पास कुठी हाय?", आणि दीक्षाभूमीला निघालेली पांढऱ्या साडीतली बायामाणसं चढली की सगळ्यांच्या वर त्यांचा "जय भीम" जायचा, आणि मागच्या सीटपर्यंत एकेक करून परत यायचा. तोंडात मात्र कायम खर्रा, सुपारी-तंबाखूचा. पुकारताना तो गालात दाबून ठेवायची त्यांची एक खास लकब होती. त्यानं आवाजाला जाडपणा यायचा. त्या जाडपणाचं तिला कौतुक होतं. निवृत्तीनंतर घसा बसला तो बसलाच. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढावं लागेल असं सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं, "मंग बोलाचं कशानं?" त्यांच्या आवाजातला तिला स्पष्ट आठवणारा हा शेवटचा प्रश्न. त्यानंतरही ते काहीबाही बोलले असणार, ऑपरेशनच्या सकाळपर्यंत. पाणी मागितलं असेल, चपला कुठे ठेवल्या ते सांगितलं असेल. तेवढं कोणी लक्षात ठेवलं नाही.

दवाखान्यानं गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. त्यातून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारचं लहान पोर रडलं, आणि बाबांनी यंत्र कपाटात टाकलं. मग पाटी आली. पण पाटीवर त्यांचं वाक्य पुरं होईस्तोवर घरातलं बोलणं दुसऱ्याच विषयावर गेलेलं असायचं, आणि त्यांना ते पुसावं लागायचं. मग फक्त ओठ उरले. आवाजावाचून हलणारे ओठ, ऑपरेशननं गळ्याला ठेवलेल्या छिद्रातून येणारा श्वासाचा फुसकारा. आईला ते वाचता यायला लागले. इतक्या वर्षांच्या संसारात ते पुढे काय म्हणणार हे तिला बहुधा आधीच माहीत असावं. गुंजनला येत नव्हतं. ती दोनदा विचारायची, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटायची, मग अंदाजानं "हो हो" म्हणायची. आपण अंदाजानं हो म्हटलं हे बाबांना कळायचं. ते हात झटकून गप्प व्हायचे. मुळात गप्पच असलेला माणूस आणखी गप्प होतो म्हणजे काय, हे तिला तेव्हा कळलं.

म्हणून तिनं ते अ‍ॅप केलं. हेच तिचं काम होतं. फोनमध्ये माणसाला काय हवं असेल, त्याचं बोट आधी कुठे जाईल, काय दिसलं म्हणजे तो गोंधळणार नाही, हे ठरवायचं. नागपुरातल्याच एका लहान कंपनीत ती खत-बियाण्यांच्या दुकानदारांसाठी असल्या स्क्रीन करायची. ती कंपनी हिवाळ्यात बंद पडली. बाबांसाठी तिनं मोठाली बटणं केली. पाणी, दुखतं, भूक, पंखा, बाहेर जायचं. बटण दाबलं की फोन बोलायचा. तिनं ते मनापासून केलं होतं, हे तिला आज स्वतःलाच पुन्हापुन्हा सांगावं लागत होतं. नंतर नोकरी शोधायची वेळ आली तेव्हा पुण्याची श्वेता, तिची कॉलेजातली सीनियर, तिचा पोर्टफोलिओ बघून म्हणाली होती, "अगं, नुसत्या सुंदर स्क्रीन रोज शंभर लोक पाठवतात. काम दाखवू नकोस, गोष्ट सांग. तू कुणासाठी केलंस, त्याचं काय दुखत होतं, तुझ्यामुळे काय बदललं. तुझ्या वडिलांचं आहे ना, ते सगळ्यात वर आण." तिनं सगळ्यात वर आणलं. बाबांना दाढी करायला लावली, इस्त्रीचा शर्ट घालायला लावला, खुर्ची खिडकीपाशी ओढली. "बाबा, बटणावर अंगठा ठेवा. हसू नका. थोडंसं हसा." फोटो फार चांगला आला. त्या वेळी त्यांनी अ‍ॅप वापरणं सोडूनही बरेच दिवस झाले होते, आणि ते का सोडलं हे तिनं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर लिहावं लागलं असतं. केस स्टडीच्या शेवटी, जिथे काय बदललं ते लिहायचं असतं, तिथे तिनं लिहिलं की ते आता कुणाच्याही मदतीशिवाय आपलं म्हणणं सांगू शकतात. इंग्रजीत ते खोटं वाटलं नाही. इंग्रजीत ती बाबांबद्दल कधी बोललीच नव्हती, म्हणून असेल.

संध्याकाळी आई परत आली, दिवेलागण झाली, आणि चहाचा कप हातात घेऊन गुंजननं ती केस स्टडी पोर्टफोलिओतून काढून टाकली. फोटो, बटणं, अडचणी, बदल, सगळं. त्या जागी किराण्याच्या अ‍ॅपचं, सरावासाठी केलेलं एक जुनं काम टाकलं. सोमवारी सांगता येईल की खाजगी कारणानं काढलं. कोणी खोदून विचारत नाही. तिला हलकं वाटलं. वडिलांचा गळा दाखवून नोकरी मिळवायची नाही, असं एक वाक्य मनात आपोआप तयार झालं. ते इतकं नीट घडवलेलं होतं की तिला त्याचाही संशय आला.

सकाळी ती दात घासत असताना बाबा मोरीच्या दारात येऊन उभे राहिले. हातात फोन. फोन त्यांनी तिच्यापुढे धरला. त्यावर तिचा पोर्टफोलिओ उघडलेला होता आणि सगळ्यात वर किराण्याची पिवळी टोपली होती. त्यांचे ओठ हलले. तिला काही समजलं नाही. पुन्हा हलले.

"आई, बाबा काय म्हणताहेत?"

आई कणकेच्या हातानं बाहेर आली, तिनं बाबांच्या तोंडाकडे बघितलं. "ते म्हनून राहिले, माहा फोटू कुठी गेला?"

"तुम्ही हे बघता?" गुंजननं विचारलं.

आईच बोलली, "रोज पायतेत. सकाळी उठले का पयले तेच उघडतेत. मनोहररावले दाखवलं, डेपोच्या ग्रुपवर टाकलं. पोरीनं माह्यावर पुस्तक लिवलं म्हनतेत."

मनोहरराव म्हणजे पलीकडच्या ओळीत राहणारे, त्याच डेपोतले ड्रायव्हर. बाबांबरोबर त्यांनी अर्धी नोकरी एका गाडीत काढली होती. गुंजननं चूळ भरली. आरशात तिच्या मागे बाबा उभे होते, फोन अजून तसाच पुढे धरून, चुकीचं तिकीट परत करायला आलेल्या प्रवाशासारखे.

"मी काढला बाबा. ते खरं नव्हतं. मी लिहिलं होतं की तुम्ही रोज वापरता. तुम्ही तर वापरतच नाही."

बाबांनी मान हलवली, आणि मग ते बराच वेळ बोलत राहिले. आई एकेक तुकडा उचलून तिच्यासमोर ठेवत गेली, आणि ठेवता ठेवता तिचा स्वतःचा आवाज खाली येत गेला. "म्हनतेत, वापरत होतो. सुरवातीले वापरत होतो. पानी-गिनी मागाले नाई, त्याले तर चमचा बस आहे. अन् तो फोन मले पानी हवे आहे असं पुन्यावाल्यावानी बोलते, तुही आई हासे. पन वरचं एक बटन होतं, तेच दाबो मी. मनोहरराव आला का दाबो. रस्त्यानं कोनी भेटला का दाबो." आई थांबली. बाबांनी तिला पुढे सांगायची खूण केली. "मंग एक दिवस ते बटनच बदललं. मनोहररावनं जय भीम केला, मी दाबलं, तं फोन म्हने नमस्कार. मनोहरराव पायतच रायला. तवापासून ठेवून देला."

मोरीचा नळ ठिबकत होता. गुंजनला आठवलं. आठवलं म्हणणंही बरोबर नाही. ते कुठे गेलंच नव्हतं, फक्त त्याच्याकडे बघायचं नाही एवढंच तिनं ठरवलेलं होतं. सगळ्यात वर, डाव्या हाताला, 'जय भीम'चं निळं बटण. तिनं ते पहिल्यांदा केलं तेव्हा सगळ्यात आधी तेच केलं होतं, पाण्याच्याही आधी, कारण बाबांचा दिवस तिथूनच सुरू व्हायचा. त्या दोन शब्दांत पुणं-नागपूर काही आडवं येत नव्हतं. फोन ते बाबांसारखेच म्हणायचा. मग पोर्टफोलिओसाठी स्क्रीनचे फोटो काढायला बसली तेव्हा त्या निळ्या बटणापाशी तिचा हात थांबला. नावाच्या पुढचं आडनाव तिनं कॉलेजपासूनच लिहिणं सोडलं होतं, 'गुंजन आर.' एवढंच. हे बटण म्हणजे आडनावच. बघणाऱ्याला समजायला सोपं जावं, असं कारण तिनं स्वतःला दिलं, कामाच्या भाषेत ते अगदी योग्य कारण होतं, आणि तिथे नमस्कार टाकला. फोनमधलं अ‍ॅपही त्याच फाइलवरून आपोआप बदललं. परत करायचं राहिलं. राहिलं की राहू दिलं, हे तिला आता ठरवता येईना.

"मला सांगितलं का नाही तुम्ही?"

बाबांचे ओठ थोडेच हलले. आईनं पदराला हात पुसले, मग म्हणाली, "म्हनतेत, नोकरीसाठी पुसलं असन तिनं, म्हनून मी काई बोललो नाई."

मी काही बोललो नाही. ते वाक्य गुंजन दिवसभर अंगावर वागवत राहिली. म्हणजे त्यांना कळलं होतं. नुसतं बटण बदललं हे नाही, का बदललं हेही. आणि कळून, रोज सकाळी, ते स्वतःचा तो फोटो उघडून बघत होते, फोटोखालच्या स्क्रीनवर नमस्कार लिहिलेला असताना. तिला वाटत होतं की आपण त्यांना त्या पानावरून काढून त्यांची सुटका केली. त्यांना मात्र एवढंच कळलं की आधी बटण गेलं, आता आपणही गेलो. ती त्यांच्यापुढे जाऊन बसली. माफी मागायची म्हणून बसली, पण तोंडातून निघालं, "मग आता काय करू?"

बाबांनी फोटोची जागा बोटानं ठोकली. आईनं सांगितलं, "फोटू ठेव म्हनतेत. लिवाचं ते खरं लिव. फोटू ठेव."

तिनं पुन्हा लिहायला घेतलं. ते सोपं गेलं नाही. खरं लिहिण्यासाठी तिच्या कामात रकाना नव्हता. सगळं कसं वर चढत जायचं असतं: अडचण, शोध, उपाय, यश. तिनं निळं बटण परत आणलं, आधी बाबांच्या फोनमध्ये, मग स्क्रीनच्या फोटोत. बाबांनी एकदा दाबून पाहिलं, ऐकलं, मान डोलावली, फोन खिशात टाकला. संध्याकाळी मनोहरराव आले तेव्हा मात्र त्यांनी फोन काढलाच नाही. नुसता हात वर केला. एवढ्या महिन्यांत हाताला सवय झाली होती. गुंजन पडद्याआडून बघत होती. तिला वाईट वाटलं, आणि मग वाटलं की आपल्याला वाईट वाटण्याचंच इतकं काय कौतुक. ती परत जागेवर जाऊन बसली आणि हेही तिनं लिहिलं. बटण का गेलं ते लिहिलं, ते परत आल्यावरही वापरलं गेलं नाही ते लिहिलं. शेवटच्या पानावर एकच ओळ ठेवली: बाबा हे वापरत नाहीत. मग वर जाऊन नावापुढचं 'आर.' खोडलं आणि पूर्ण आडनाव लिहिलं. लिहिताना तिचे कान तापले होते. ते अभिमानानं, की भीतीनं, की नुसत्या मे महिन्यानं, हे तिला सांगता आलं नसतं.

सोमवारी तिनं कूलर चालू ठेवला. पाच चौकोनांत पाच चेहरे होते. एका चौकोनात वंदना. गुंजननं सुरुवातीलाच सांगितलं, "मागच्या वेळी मी बांधकाम म्हणाले. बांधकाम नव्हतं. माझे वडील बोलावत होते." वंदनाचा चेहरा हलला नाही, फक्त पापण्या एकदा मिटल्या. मग गुंजन सगळं मांडत गेली. निळं बटण आलं तेव्हा तिनं त्यावरचे दोन शब्द मोठ्यानं वाचले. आपल्याच आवाजात, घराबाहेरच्या लोकांसमोर, कामाच्या वेळात. तिला वाटलं होतं काहीतरी घडेल. काही घडलं नाही. एक जण पाणी प्यायला. एकीनं काहीतरी टिपून घेतलं. शेवटची ओळ पडद्यावर आली तेव्हा सगळ्यात वरच्या पदावरचा असावा असा एक गृहस्थ सौम्यपणे म्हणाला, त्याचं इंग्रजीही सौम्य होतं, "हे प्रामाणिक आहे, मी समजू शकतो. पण पोर्टफोलिओ म्हणजे माणसाचं सर्वोत्तम काम. जे वापरलंच गेलं नाही ते तुम्ही इथे का ठेवलंत?"

याचं उत्तर तिनं तयार केलं होतं. अपयशातून शिकणं, गृहीतकं, ऐकण्याचं महत्त्व. सगळी वाक्यं रांगेत उभी होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि त्यांतलं एकही तिला उचलावंसं वाटलं नाही.

"त्यांनी ठेवायला सांगितलं म्हणून," ती म्हणाली.

नकार आठवडा संपायच्या आत आला. अतिशय सभ्य पत्र होतं, पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा वगैरे. कशामुळे, ते त्यात नव्हतं. कामात दम नव्हता म्हणून, वापरलं गेलं नाही म्हणून, खोटं बोलल्याचं कबूल केलं म्हणून, की त्या दोन शब्दांमुळे. आणि हे आता कधीच कळणार नाही, यापुढच्या प्रत्येक नकाराच्या वेळी हाच प्रश्न थोडा थोडा सोबत येणार, हे तिला उभ्याउभ्याच समजलं. जुन्या नावानं नकार आला असता तर तो निदान नुसता नकार असता. तिनं पोर्टफोलिओ उघडला. आडनावावर बोट ठेवलं. काढलं नाही. ते धैर्यानं, असंही तिला वाटलं नाही. नुसतं काढलं नाही.

बाबा खिडकीपाशी बसले होते. आई बाजारात गेली होती. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या.

"नाही झालं बाबा."

ते तिच्याकडे वळून बोलू लागले. काहीतरी लांबलचक होतं. मध्ये एकदा ते हसले, एकदा हातानं गाडीचं दार ओढून लावल्यासारखं केलं, एकदा त्यांची बोटं तिच्या दिशेनं आली आणि परत गेली. तिला एक अक्षर कळलं नाही. "पुन्हा सांगा," ती म्हणाली. त्यांनी पुन्हा सांगितलं. कळलं नाही. तिच्या ओठांवर ते जुनं "हो हो" आलं, अगदी दातांपर्यंत आलं. त्यांनीही ते येताना पाहिलं असावं, कारण झटकण्यासाठी त्यांचा हात अर्धा उचलला गेला.

तिनं तो हात धरला. त्यांच्यासमोर फरशीवर मांडी घातली, चेहरा त्यांच्या ओठांच्या समोर आणला.

"हळू सांगा बाबा," ती म्हणाली. "मले कुठी जायचं नाई."

बाबांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.